राखणीच्या कुत्र्याची कोरडी भाकरी

आता तालुक्याच्या बाजारात पेंडीच्या पोत्यांशेजारी कुत्र्याच्या खाण्याची पाकिटंही दिसायला लागली आहेत. त्यामुळे शेळी-मेंढी राखणाऱ्या घरांत एक प्रश्न निघतोच. आपलं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या भाकरीवर जगलं, त्याला हे विकतचं कशाला? आणि घ्यायचंच तर कोणतं? उत्तर एका वाक्यात देता येत नाही. राबणाऱ्या कुत्र्याला कोरडं काय घालायचं हे माणसाला शिकायला शंभर वर्षं लागली, आणि त्या शिकण्यात कुत्रीच नाही तर माणसंही मेली. ती हकीकत आज सांगते. ती ऐकली की पाकीट कसं वाचायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात भाकरीपासूनच करू. कुत्रं लांडग्याच्या कुळातलं, पण लांडग्याला भाकरी पचत नाही तशी कुत्र्याला पचते. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी याचं कारण दाखवलं. धान्यातलं पिठूळ सत्त्व पचवणारा रस तयार करायला एक जनुक लागतं. लांडग्यात त्याच्या दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडल्या. म्हणजे माणूस शेती करायला लागला, त्याच्या चुलीशेजारी कुत्रं बसलं, आणि आपल्या उष्ट्या भाकरीने त्याचं पोटच बदललं. तेव्हा भाकरी हे कुत्र्याचं खाणं नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पण रानात उतरलेल्या धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं खरंच नुसत्या भाकरीवर जगतं का? त्याला ताक-दूध मिळतं. मेंढी व्याली की वार मिळते. मेलेलं कोकरू, रानातला उंदीर, घूस, सगळं त्याच्या पोटात जातं. भाकरी आपल्याला दिसते, कारण ती आपण टाकतो. बाकीचं ते स्वतः मिळवतं. तेच कुत्रं गोठ्याला साखळीने बांधलं की हे वरकड बंद होतं आणि मग खरोखरच नुसती भाकरी उरते. तेव्हा काय होतं, ते दूर अमेरिकेत आधी उघडकीला आलं.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस पिकायचा आणि गरिबांच्या पोटाला मका असायचा. शिकारी कुत्र्यांनाही मक्याच्या पिठाचंच खाणं. ह्या कुत्र्यांना एक रोग व्हायचा. तोंड आतून लाल होऊन मग काळवंडायचं, लाळ गळायची, घाण वास यायचा, जुलाब लागायचे आणि कुत्रं मरायचं. लोक त्याला ‘काळी जीभ’ म्हणत. त्याच घरांतल्या माणसांना दुसरा एक रोग होता, पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखे. पुढे जुलाब, पुढे भ्रम, आणि मरण. कुत्र्याचा रोग आणि माणसाचा रोग एकच असेल, हे बराच काळ कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही.

१९१४ साली सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना पेलाग्राच्या तपासाला लावलं. रोग संसर्गाने होतो असं बहुतेक डॉक्टरांचं मत होतं. गोल्डबर्गर म्हणाले, नाही, हा ताटातला दोष आहे. ते पटवायला त्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतलं. त्यांची पत्नी मेरी हिनेही टोचून घेतलं. कुणाला काही झालं नाही. मेरीचं नाव ह्या गोष्टीत क्वचितच घेतलं जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं. कापडगिरण्यांच्या वस्त्यांत त्यांनी घरोघर जेवणाची नोंद घेतली, तेव्हा दिसलं की वीस ते चाळीस-पंचेचाळीस वयाच्या बायकांना हा रोग पुरुषांपेक्षा जास्त होतो. का, ते तुम्हाला मी सांगायला हवं असं नाही. घरात थोडं दूध किंवा मटण आलं तर ते कुणाच्या ताटात आधी पडतं आणि कुणाच्या ताटात शेवटी, हे इकडे-तिकडे सारखंच.

माणसावर किती प्रयोग करणार? १९१७ साली येल विद्यापीठातल्या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना बिस्किटांचा चुरा, उकडलेले वाटाणे आणि सरकीचं तेल एवढ्यावर ठेवलं, आणि पेलाग्रासारखा आजार उभा केला. ही तर काळी जीभच, हे गोल्डबर्गर यांनी ओळखलं. मग त्यांनी मक्यावर ठेवलेल्या कुत्र्यांवर एकेक पदार्थ तपासला. यीस्ट, म्हणजे पाव फुगवायला घालतात ते, थोडं जरी दिलं तरी कुत्री बरी होत. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला तेव्हा तिथल्या रेडक्रॉसने माणसांनाही यीस्ट वाटलं. गोल्डबर्गर १९२९ साली वारले. नेमकं द्रव्य सापडलं १९३७ साली, कॉनरॅड एल्व्हेजेम यांना. त्यांनी यकृतातून निकोटिनिक आम्ल वेगळं काढलं आणि ते देऊन कुत्र्याची काळी जीभ बरी केली. हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्व. त्यातून थोड्याच दिवसांत माणसांचा पेलाग्राही बरा होऊ लागला. कुत्र्याच्या भांड्यातून माणसाचं औषध निघालं, असं म्हणायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, तो मका, आमची ज्वारी. ऐका तर. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या सुमारास पाहत होते की दख्खनमध्ये ज्वारीवर राहणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा होतो. भवानी बेलवाडी ह्या संशोधक बाई आणि गोपालन यांनी कुत्र्यांना ज्वारीचं खाणं दिलं आणि १९६५ साली प्रसिद्ध केलं की ह्या खाण्यानेही काळी जीभ होते. ज्वारीत ल्युसिन नावाचा एक घटक जास्त असतो, तो बाधतो, असं त्यांचं मत होतं. त्यावर पुढे वाद झाले. पण मूळ गोष्ट राहिलीच. ज्वारीला दोष नाही, नुसत्या ज्वारीला आहे. डाळ, शेंगदाणा, दूध, अंडं, मासा यांतलं काही सोबत असलं की प्रश्न मिटतो. कुत्र्याचाही आणि आपलाही.

विकतचं कोरडं खाणं कुठून आलं? तेही राबणाऱ्या कुत्र्यांसाठीच. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस १८६० च्या सुमारास लंडनला गेला. गोदीवर कुत्री खलाशांची टाकलेली कडक बिस्किटं खाताना त्याने पाहिली, असं सांगतात. गहू, बीट, भाजी आणि वाळवलेलं मांस यांचं त्याने बिस्किट केलं आणि शिकारी कुत्री पाळणाऱ्या जमीनदारांना विकलं. शंभर वर्षांनी, १९५७ साली, अमेरिकेतल्या प्युरिना कंपनीने फुगीर दाणे बाजारात आणले. ओलं पीठ यंत्रात दाबून, तापवून, बारीक छिद्रातून बाहेर ढकललं की ते फुगतं. जास्त तेल असलं तर नीट फुगत नाही, म्हणून बरीचशी चरबी नंतर वरून फवारतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चरबीचा धडा मिळाला तो बर्फात. इंग्लंडचा कॅप्टन स्कॉट २ नोव्हेंबर १९०२ रोजी दक्षिण ध्रुवाच्या दिशेने निघाला, गाड्या ओढायला १९ कुत्री. आधी तो कुत्र्यांची बिस्किटं नेणार होता, पण जाणकारांच्या सल्ल्याने त्याने नॉर्वेचा वाळवलेला मासा घेतला. सल्ला वाईट नव्हता. पण जहाज उष्ण समुद्रातून गेलं आणि मासा वाटेत बिघडला. कुत्री दिवसेंदिवस खचत गेली. परतताना गाडी तीन माणसांनी स्वतः ओढली. १९ पैकी एकही कुत्रं परत आलं नाही.

नॉर्वेच्या अमुंडसेनने १९११ साली कुत्र्यांना पेमिकन दिलं, रोज साधारण अर्धा किलो. पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेलं मांस किंवा मासा, त्यात वितळलेली चरबी. ही मूळची उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची शिदोरी, आणि ते मांस वाळवणं-कुटणं बायकांच्या हातचं काम. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला. अर्थात त्याने वाटेत अनेक कुत्री मारून उरलेल्यांना आणि माणसांना खाऊ घातली. ५२ निघाली होती, ११ परत आली. हेही सांगायलाच हवं.

पेमिकन का चालतं याचा उलगडा १९७० नंतर झाला. डेव्हिड क्रॉनफेल्ड या पशुवैद्यकाने शर्यतीच्या गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचं खाणं आणि रक्त तपासलं. माणूस दमसासाच्या कामाला भात-भाकरीची ताकद वापरतो, कुत्रं मुख्यतः चरबीची. धान्य कमी, मांस आणि चरबी जास्त असं खाणाऱ्या कुत्र्यांचं रक्त सराव वाढला तरी चांगलं राहिलं. अलास्काच्या लांब शर्यतीत पंचवीसेक किलोचं कुत्रं दिवसाला सुमारे ११,००० कॅलरी जाळतं, म्हणजे शेतात राबणाऱ्या बाईच्या चौपट. एवढं भाकरीतून द्यायचं तर त्याच्या पोटात जागाच नाही. तेवढ्याच वजनाच्या चरबीतून पिठाच्या दुपटीहून जास्त ताकद मिळते.

आपलं मेंढराचं कुत्रं काही अलास्कात पळत नाही. पण दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या वाड्याबरोबर ते दिवसभर चालतं आणि रात्रभर जागतं.

एक हकीकत राहिली, आणि ती आपल्या शेजारची आहे. १९७४ च्या हंगामात राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला. मका ओला राहिला, बुरशी आली, आणि गरिबाघरी तोच खाल्ला गेला. बुरशीचं विष यकृतात उतरलं. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. दोनशेहून जास्त गावांत लोक आजारी पडले. एका पाहणीत ३९७ रोगी आणि १०६ मृत्यू नोंदले गेले. त्याच घरांतली कुत्रीही तशीच पोट फुगून मेली, कारण त्यांनाही तीच भाकरी होती. म्हणून बुरशी आलेली भाकरी ‘कुत्र्याला टाक’ असं कुणी म्हणालं की माझा हात थांबतो. ती शेणखतात जाऊ द्या.

आता पाकीट हातात घ्या. पाठीमागे घटकांची यादी असते आणि जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला लिहितात. मका किंवा गहू पहिला असेल तर ती महागाची भाकरीच समजा. मग टक्केवारी बघा. दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याला प्रथिनं पंचविसाच्या आसपास किंवा वर आणि चरबी पंधराच्या वर असलेलं घ्यावं. दारात बसणाऱ्या कुत्र्याला एवढी चरबी घातली तर ते फक्त जाडं होईल. भाकरीत मिसळून देणार असाल तर तेवढ्या प्रमाणात ही टक्केवारी खाली येते, हे धरून चाला. तारीख बघा. वरून फवारलेली चरबी हवा लागली की खवट होते, म्हणून महिनाभरात संपेल एवढंच पोतं आणा, सुटं उघड्यावरचं घेऊ नका, आणि पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात ठेवा. नवीन खाणं एकदम सुरू करू नका, आठवडाभर थोडं थोडं वाढवा, नाहीतर हगवण लागते.

पाकीट परवडत नसेल तरी बिघडत नाही. भाकरी ताकात किंवा वरणात कुस्करा, अंडं किंवा मटणाच्या दुकानातली चरबी-आतडी शिजवून घाला. सुकट-बोंबील खारवलेले असतील तर आधी धुऊन घ्या. कांदा मात्र घालू नका, त्याने कुत्र्याचं रक्त नासतं. मोठं जेवण काम संपल्यावर, संध्याकाळी द्या. भरल्या पोटी पळवू नका. आणि माप ठरवायला तराजू नको, बरगडीवरून हात फिरवा. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येता कामा नयेत. वाडा चालता असताना लांबूनच दिसायला लागल्या तर चरबी वाढवा. पावसाळ्यात मेंढरं एका जागी बसली आणि बोटांना बरगडी लागेनाशी झाली तर कमी करा.