अ‍ॅडव्हेंचर की क्रूझर? आधी प्रश्नाचा जन्मदाखला काढा

‘अ‍ॅडव्हेंचर बाइक विकून क्रूझर घेऊ का?’ मोटरसायकलवर जीव असलेल्या माणसाला चाळिशीच्या आसपास हा प्रश्न पडतोच. उंच सीटवरून पाय जेमतेम टेकतात, गुडघा कुरकुरतो, लडाख एकदा होऊन गेलेलं असतं किंवा आता होणार नाही हे कळून चुकलेलं असतं. आणि सिग्नलला शेजारी एखादी बुटकी, लांबलचक, क्रोमने मढवलेली गाडी येऊन उभी राहते. मग सुरू होतं: मी मुळात कुठल्या प्रकारचा रायडर आहे?

आज हा प्रश्न आपण इतिहासाच्या विद्यार्थ्यासारखा हाताळून बघू. संशोधनाच्या विषयांतही असे तयार खण आपल्यापुढे येतात. ‘परंपरा की आधुनिकता’, ‘ग्रामीण की शहरी’. सिनॉप्सिस लिहायला बसलं की हात आपोआप एक बाजू निवडतो. हे खण कुणी पाडले आणि कधी पाडले, हे विचारायचं राहून जातं. मोटरसायकलींचे खण अगदी अलीकडचे आहेत, त्यांच्या तारखा सापडतात, त्यामुळे सरावाला उदाहरण चांगलं आहे.

खण नव्हते तेव्हा

१९१६ सालचा जुलै महिना. अ‍ॅडलिन आणि ऑगस्टा व्हॅन ब्यूरेन या दोघी बहिणी दोन वेगवेगळ्या ‘इंडियन पॉवरप्लस’ मोटरसायकलींवर न्यूयॉर्कहून निघाल्या आणि अमेरिका आडवी पार करून सप्टेंबरात लॉस एंजेलिसला पोचल्या. बायकाही लष्करात निरोप्याचं काम करू शकतात, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. वाटेत पुरुषी कपडे घातले म्हणून पोलिसांनी त्यांना अडवलंसुद्धा. पश्चिमेकडचे रस्ते म्हणजे बऱ्याच ठिकाणी चिखल, वाळू आणि डोंगर.

आता त्यांची गाडी डोळ्यांपुढे आणा. बुटकी सीट, रुंद हँडल, व्ही-ट्विन इंजिन. आजच्या शोरूममध्ये ठेवली तर सेल्समन तिला क्रूझरची आजी म्हणेल. आणि काम केलं ते आजच्या भाषेत शुद्ध अ‍ॅडव्हेंचरचं!

पुढची दोन उदाहरणंही तशीच. रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ मध्ये डग्लस मोटरसायकल घेऊन लंडनहून निघाला आणि भारतातून जात टोकियोपर्यंत गेला. टेड सायमनने १९७३ ते १९७७ या काळात ५०० सीसीच्या ट्रायम्फ टायगरवर जगप्रदक्षिणा केली. तोही भारतात आला होता. ती ट्रायम्फ साधी रस्त्यावरची गाडी होती. सायमनला ‘अ‍ॅडव्हेंचर बाइक’ विकत घेता आलीच नसती, कारण त्या नावाची जात बाजारात नव्हती. प्रवास होते, प्रवासाची खास गाडी नव्हती.

१९८०: वाळवंटातून आलेली जात

डिसेंबर १९७८ मध्ये थिएरी साबीनने पॅरिस–डकार रॅली सुरू केली. पहिल्या रॅलीत मोटरसायकलवर सिरिल नव्हू जिंकला, यामाहाच्या ५०० सीसी एकसिलिंडर गाडीवर. कच्च्या रस्त्याची गाडी म्हणजे हलकी आणि एका सिलिंडरची, असाच तेव्हाचा समज होता.

१९८० मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आर ८० जी/एस’ आणली. इंजिन जवळपास ८०० सीसीचं आणि दोन सिलिंडरचं. ‘जी’ म्हणजे ‘गेलेंडे’, मोकळं रान. ‘एस’ म्हणजे ‘श्ट्रासे’, रस्ता. नावातली ती तिरकी रेघ नीट बघा. कंपनी म्हणत होती, एकाच गाडीत दोन्ही. १९८१ मध्ये ह्यूबर्ट ओरिओल याच घराण्याच्या गाडीवर डकार जिंकला, १९८३ मध्ये पुन्हा जिंकला. १९८४ आणि १९८५ मध्ये गास्तों राहिए. लगेच १९८४ मध्ये बाजारात ‘पॅरिस–डकार’ नावाची आवृत्ती आली, ३२ लिटरच्या टाकीसह. विचार करा, युरोपात पेट्रोलपंप पावलोपावली आहेत. तिथे ३२ लिटरची टाकी कशाला? ती टाकी वाळवंटाची आठवण विकत होती, ज्यांनी वाळवंट पाहिलं नव्हतं त्यांना. ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा शब्द या गाड्यांच्या नावात आला तो आणखी पुढे. आणि २००४ मध्ये इवन मॅक्ग्रेगर आणि चार्ली बूरमन यांची ‘लाँग वे राउंड’ मालिका आली, तेव्हा ही जात घरोघरी पोचली.

१९८३: सातशे सीसीची रेघ

क्रूझरची कथा जास्त रंजक आहे, कारण तिच्यात कायदा आहे.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत तरुण मुलं हार्ले कापून-जोडून ‘चॉपर’ बनवत होती. १९७१ मध्ये विली जी. डेव्हिडसनने तोच साज कारखान्यात चढवला आणि ‘सुपर ग्लाइड’ निघाली. जपानी कंपन्यांनीही वारं ओळखलं. त्यांच्या अशा गाड्यांच्या नावांपुढे तेव्हा ‘स्पेशल’, ‘कस्टम’, ‘एलटीडी’ अशी बिरुदं असायची.

त्यांच्या स्पर्धेत हार्ले डबघाईला आली आणि सरकारकडे गेली. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ७०० सीसीवरच्या आयात मोटरसायकलींवरचं शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेलं. पाच वर्षांत ते टप्प्याटप्प्याने उतरायचं होतं. जपान्यांनी काय केलं? इंजिनं आखडली. यामाहाची ‘व्हिरागो’ १९८१ मध्ये ७५० सीसीची होती, १९८४ मध्ये ७०० ची झाली आणि १९८८ मध्ये पुन्हा ७५० ची! एका मॉडेलच्या तीन आकड्यांत एक अख्खं व्यापारी धोरण वाचता येतं.

याच सावलीत हार्लेने १९८४ ची ‘सॉफ्टेल’ काढली. तिचे मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गिअरबॉक्सच्या खाली आडवे दडवलेले होते. गाडीला सस्पेन्शन आहे, पण जुन्या काळच्या गाड्यांसारखं ते नाहीच असं दिसावं, म्हणून एवढा खटाटोप. एक जात वाळवंट विकत होती, दुसरी भूतकाळ.

३४९ आणि ६९९ यांत फरक काय?

आता आपल्याकडे या. बुलेट पन्नासच्या दशकापासून लष्करात होती, पोलिसांत होती, गावच्या बागायतदाराकडे होती. ती अ‍ॅडव्हेंचर की क्रूझर, असं कुणी विचारलं नाही. खण आले ते नंतर: २००२ मध्ये थंडरबर्ड, २००५ मध्ये बजाजची अ‍ॅव्हेंजर, २०१६ मध्ये हिमालयन, २०२० मध्ये मीटिअर ३५०. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र अजूनही फक्त ‘मोटरसायकल’ ओळखतो.

कायदा जात ओळखत नसला तरी सीसी ओळखतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना आधी सेस धरून ३१ टक्के लागायचे, आता ४०. म्हणजे ३४९ सीसीची मीटिअर एका बाजूला आणि ४५२ सीसीची हिमालयन दुसऱ्या बाजूला. तुम्ही ‘मी आता निवांत रायडर झालोय’ असं म्हणत असाल, पण त्या निवांतपणात बावीस टक्क्यांचाही वाटा असू शकतो.

इथे एक सापळा आहे, तो नीट लक्षात घ्या. अमेरिकेतली ६९९ सीसी कराच्या रेघेमुळे आली, म्हणून आपली ३४९ सुद्धा करामुळेच आली असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टिकत नाही. ३४६ सीसीची बुलेट आली ब्रिटनमधल्या ३५० च्या वर्गातून, जीएसटीच्या कितीतरी दशकं आधी. व्हिरागोच्या बाबतीत आपल्याकडे ‘आधी–मधे–नंतर’ असे तिन्ही आकडे आहेत आणि ते शुल्काच्या तारखांशी जुळतात. ३४९ च्या बाबतीत तसं नाही. रेघ आणि आकडा शेजारी सापडले म्हणजे एकाने दुसऱ्याला जन्म दिला असं होत नाही. आधी कोण आलं ते तपासावं लागतं. व्हायव्हामध्ये एक्सटर्नल नेमकं इथेच बोट ठेवतात.

मग गाडी बदलायची की नाही?

खण बाजूला ठेवले की खालची वस्तू दिसते. एकाच कंपनीच्या दोन गाड्या घेऊ. हिमालयन ४५०: सीट ८२५ मिमी, मागच्या सस्पेन्शनची हालचाल २०० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स २३० मिमी, वजन १९६ किलो. सुपर मीटिअर ६५०: सीट ७४० मिमी, हालचाल १०१ मिमी, क्लिअरन्स १३५ मिमी, वजन २४१ किलो.

यातून प्रश्न निघतात ते असे. पाय टेकत नाहीत ही खरी अडचण असेल, तर साडेआठ सेंटिमीटर खाली आल्याने ती सुटते. पण ४५ किलो वाढतात, ते पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना कळतात. गुडघ्याला पाय पुढे सोडून बसणं बरं वाटतं. पाठीचं मात्र उलट आहे: अ‍ॅडव्हेंचरवर फूटरेस्ट शरीराच्या खाली असतात, खड्डा दिसला की उभं राहून दणका पायांवर घेता येतो, क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे तो दणका थेट माकडहाडावर बसतो. पावसाळ्यानंतरचा तुमचा रोजचा रस्ता कसा असतो, हे तुम्हालाच माहीत.

म्हणून माझं मत असं: मागच्या वर्षभराचे किलोमीटर कागदावर मांडा. किती हायवे, किती शहर, किती फुटका रस्ता, किती वेळा मागे कुणी बसलं होतं. बहुतेक किलोमीटर चांगल्या रस्त्यावरचे असतील आणि तक्रार उंचीची किंवा गुडघ्याची असेल, तर खुशाल क्रूझर घ्या. तक्रार पाठीची असेल आणि रस्ता खड्ड्यांचा, तर फक्त दिसण्यावर भाळून बदलू नका. आधी बुटकी सीट बसवून बघा. आणि लडाख एकदाच होणार असेल, तर त्या पंधरा दिवसांसाठी उरलेली दहा वर्षं उंच सीटवर काढायची गरज नाही. व्हॅन ब्यूरेन बहिणी बुटक्या गाडीवरून आख्खा देश पार करून गेल्या होत्या.

सिनॉप्सिसच्या बाबतीतही हेच करा. तुमच्या शीर्षकातला एक वर्गवाचक शब्द घ्या: ‘मध्यमवर्ग’, ‘लोककला’, ‘दलित साहित्य’, काहीही. त्याच्यासाठी तीन रकाने आखा. हा शब्द या अर्थाने पहिल्यांदा कुठे दिसतो? त्याच्या आधी याच गोष्टीला लोक काय म्हणायचे? शब्द रुळला तेव्हा कुठला कायदा, कर, स्पर्धा किंवा बाजार जवळपास होता, आणि तो आधी आला की नंतर? तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. गाइडला भेटायला जाण्याआधी तो भरून न्या.