फोडलं कुणी, शेकलं कुणी

गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस आधी देऊळ गाठतो. मग वेस, मग वाडा, मग वाड्यातली सनद. त्या वाड्यातली चूल कशावर पेटत होती हे तो विचारत नाही. चूल बाईची, सरपण महाराचं. दोघांचंही नाव सनदेत नाही. म्हणून केनवडचा इतिहास मी सरपणापासून लिहायला घेतो. ज्यांना देवळापासून पाहिजे त्यांनी दुसरीकडं वाचावा.

केनवड रिसोड तालुक्यातलं. १९९८ साली वाशिम जिल्हा झाला, त्याआधी आम्ही अकोल्याचे. वऱ्हाड म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. पूस-माघाची रात्र काय असते, ते कुडाच्या घरात निजलेल्यालाच विचारा. आमच्या घरात रांधायची चूल तीच उबेची चूल. भाकरी झाल्या की माय निखारे राखेखाली दाबायची. आम्ही पोरं चुलीकडं पाय करून निजायचो. सकाळी राख उकरली की विस्तव तयार. तो विझलाच तर शेजारून गवरीच्या तुकड्यावर मागून आणायचा.

सरपणाची बेगमी उन्हाळ्यात. झाड तोडायचं, वैशाखाचं ऊन खाऊ द्यायचं, मिरगाच्या आत फोडून छपराखाली रचायचं. ओल्या लाकडाची आग आधी त्याच्याच अंगातलं पाणी उकळण्यात जाते, उरतो तो धूर. आणि लाकडालाही प्रतवारी असते बरं का! धावडा, बाभूळ ही खरी जळणं, निखारा टिकतो. सालई, पळस भुरकन जातात. चिंचेचा गाठाळ बुंधा फोडताना कुऱ्हाडीचा दांडा तुटतो. धावडा-बाभूळ वाड्यात जायची. फोडणाऱ्याच्या वाट्याला छिलपे आणि साल.

फोडणारा कोण? बलुतेदारीनं ते काम महाराला लावून दिलेलं. सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, मयताची लाकडं वाहणं आणि वाड्यावरची लाकडं फोडणं. साहेबाचा डेरा पडला की त्याच्या सरपणाची सोयही आमच्याच डोक्यावर. वर्षाकाठी खळ्यावर मूठपसा मिळाला की हिशेब मिटला. किती गाड्या फोडल्या, हे कुणी मोजलं नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली आलं. त्यात बलुत्याची चर्चा पानोपानी आहे. पण ती गाडा बघणाऱ्याची नजर. जू मानेवर असलेल्याची नव्हे.

माझा आजा जवळपासच्या एका वाड्यावर लाकडं फोडायचा. तिथं नहाणीला तांब्याचा बंब होता, पहाटेपासून पेटलेला. आजा म्हणायचा, “फोडाले आमी, आन् शेकाले ते. बंबाची ऊब आमाले भिंतीच्या भायेरून.” फोडलेल्या ढलप्यांवर पाणी शिंपडून मगच त्या आत नेत. वाळवलेलं लाकूड पुन्हा ओलं! आजा हे सांगताना हसायचा. मला हसू येत नाही.

होळीचं मात्र उलटं. महारवाड्यातली होळी आधी पेटवायची आणि तिच्यातल्या विस्तवावर गावची होळी, ही रीत वऱ्हाडात आणि बाहेरही नोंदलेली आहे. म्हणजे आमचा विस्तव चालायचा, आमचा हात चालायचा नाही. या रीतीला मान म्हणणारे आमच्यातही होते. वर्षातून एक रात्र मान आणि बाकीचे दिवस कुऱ्हाड!

आता जंगलाकडं वळू. १८७८ साली सरकारनं जंगल कायदा कडक केला, १९२७ साली पुन्हा नवा केला. वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार इंग्रजांचा. राखीव जंगलाच्या हद्दी इथंही पडल्या. जोतीरावांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येच जंगलखात्यानं गरिबांची चराई कशी गिळली ते सुनावलं होतं. पुढं १० जुलै १९३० ला शेजारच्या पुसदकडं बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करून घेतली. ते धाडस होतंच, नाकारत नाही. पण वाळल्या काटक्यांची मोळी घेऊन येणारी बाई राखणदाराच्या हाती लागली तर कुऱ्हाड गेली, मोळी गेली, वर शिव्या. त्यांच्या गवताला सत्याग्रह म्हणतात. हिच्या काटक्यांना चोरी म्हणतात.

मग १९५६. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. १ नोव्हेंबरला आमचं वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलं. राज्य बदललं ते कागदावर. दीक्षेनं जे बदललं ते दारात दिसलं. आज्यानं वाड्यावरची लाकडं फोडणं बंद केलं. ढोर ओढणं बंद, मयताची लाकडं बंद. ही गोष्ट आमच्या सभांतून अभिमानानं सांगितली जाते आणि सांगावीच.

पण पुढचं कुणी सांगत नाही. वाड्यानं छिलपे बंद केले. बांधावरची वाळली फांदी उचलायची बंदी झाली. आज्यानं कुऱ्हाड खाली ठेवली त्या दिवसापासून आजीच्या डोक्यावर मोळी आली. अंधारात निघायचं, बरडावर काटक्या तोडायच्या, ऊन चढायच्या आत परत यायचं आणि मग दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचं. माय लग्न होऊन आली ती त्याच वाटेला लागली. एकदा मी विचारलं, तेव्हाचं काय आठवतं? माय म्हणाली, “मान दुखे बापू. वाकून कोनाच्या दारात जाव लागे नाही, हे बरं. पन मान दुखे.” आमच्या पुरुषांनी चळवळीच्या आठवणी लिहिल्या, त्यांत ही मान कुठं आहे?

बायांना आधार होता पऱ्हाटीचा. कापूस निघाला की वावर साफ करून द्यायचं आणि उपटलेली पऱ्हाटी आपण न्यायची. मजुरीच्या जागी सरपण, म्हणजे मालकाचाच फायदा. पण दारात वर्षाचा ढीग लागे. तुराट्या, जवारीची धसकटं असंच. नव्वदीनंतर वाशिमच्या वावरांत सोयाबीन आलं आणि कापूस-जवारी हटत गेली. सोयाबीनचं उरतं कुटार, चुलीत टाकलं की भडका आणि संपलं. भावाची चर्चा खूप झाली; पऱ्हाटी गेली याची कुणी केली नाही.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना निघाली, बाईच्या नावावर गॅस आला. चांगलं झालं, मायचे डोळे धुरानं गेले त्या काळी असता तर. पण टाकी भरायला रोख पैसा लागतो आणि रोजीचं काम रोज नसतं. आमच्या घरात शेगडी ओट्यावर आहे, चूल मागच्या अंगणात. अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, थंडीत पोरं तिथंच शेकतात. सरपण म्हणून सडकेच्या कडेची वेडी बाभूळ. तिचे काटे चपलेतून आरपार जातात, म्हणून ती आतापर्यंत कुणी आपली म्हटली नाही.