थेंबांचा हिशेब

परीक्षेंत आम्ल आणि अल्क यांचें गणित दिसलें कीं मुलें गडबडतात. पण हें गणित वाढलें तें परीक्षेसाठीं नव्हे, बाजारासाठीं. 1792 सालीं जर्मनींत रिख्टरनें आम्ल व अल्क यांच्या संयोगाचीं ठरावीक प्रमाणें मांडलीं. 1824 सालीं फ्रान्समध्यें गे-ल्युसाकनें कापड पांढरें करण्याच्या भुकटीचा कस मोजण्याची रीत दिली. विकत घेतलेला माल खरा कीं खोटा, हें थेंबाथेंबानें ठरूं लागलें.

आपल्या परळ-लालबागच्या गिरण्यांनाही हीच विद्या हवी होती. 1933 सालीं मुंबई विद्यापीठानें रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. त्यांत वस्त्ररसायनाला आरंभापासून स्थान होतें.

माझा एक विद्यार्थी लालबागचा. वडील गिरणीच्या रंगखात्यांत. सूत्र तोंडपाठ! प्रश्न असा: 0.1 मोलर सल्फ्यूरिक आम्ल 20 घनसेंटिमीटर. तितक्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा किती लागेल? त्यानें क्षणांत लिहिलें, 20. चूक! या आम्लाच्या एका रेणूंत दोन हायड्रोजन. म्हणून सोडा दुप्पट, म्हणजे 40. मुलगा रडवेला झाला. मीं विचारलें, “वडिलांच्या हौदांत सोडा निम्माच पडला तर?” तो चटकन् म्हणाला, “आम्ल शिल्लक राहील, गुरुजी, कापड विरेल!”

त्या दिवसापासून त्याचा नियम ठरला: आधीं हायड्रोजन मोजावे, मग आकडे गुणावे. त्याला चार क्षण लागतात, पण पुढची खाडाखोड वांचते. वेग घाईनें येत नाहीं. आपण काय मोजीत आहोंत, हें ओळखल्यानें येतो.