मुदत संपलेली शिष्यवृत्ती

१/ शिष्यवृत्ती मिळाली की शिक्षण मार्गी लागले, असे आपण मानतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेचा हिशेब वेगळे सांगतो.

२/ केळूसकर गुरुजींच्या शब्दाखातर महाराजा सयाजीराव गायकवाडांनी त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये दिले. १९१२ मध्ये ते बी. ए. झाले.

३/ १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी बडोद्याचीच शिष्यवृत्ती मिळाली : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. अट होती, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. त्या रकमेतच न्यूयॉर्कचा खर्च, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे होते.

४/ १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. पण कचेरीत अस्पृश्यता आणि शहरात राहायला जागा नाही. नोकरी सोडावी लागली.

५/ लंडनला परतण्यासाठी चार वर्षांची सवलत होती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेनांचे कर्ज, अशी जुळवाजुळव करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली.

६/ शिष्यवृत्ती संपल्यापासून पदवीपर्यंत सहा वर्षे गेली. आज हप्ता रखडून कुणाचे शिक्षण थांबते, तेव्हा ती सहा वर्षे आठवावीत. विद्यार्थ्याची बुद्धी तेव्हाही कमी पडली नव्हती.