पिशवी आणि गोणपाट

आज वारंगा फाट्यावर आपली लेकरं पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जातात. आमचं दप्तर म्हणजे युरियाच्या रिकाम्या पोत्याची घरी शिवलेली पिशवी. पावसात पुस्तकं भिजत नव्हती, एवढं खरं! आमच्या आधीच्यांची पाटी-पुस्तकं फडक्यात बांधलेली.

परमपूज्य बाबासाहेबांचं ओझं मात्र निराळं होतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचं नाव दाखल झालं. तिथं शिकताना पुस्तकांसोबत बसायला गोणपाटही घरून न्यावं लागे. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते परत घरी आणायचं, सकाळी पुन्हा न्यायचं. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय.

त्याच बाबासाहेबांच्या संस्थेनं १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. मग मराठवाड्यातली आपली पोरं पत्र्याच्या पेटीत पुस्तकं भरून तिकडं निघाली.