कुष्ठरोग बरा झाल्यानंतर : डॉ. अंतिया यांचे काम

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि रोग आटोक्यात येऊ लागला. पण बरा झालेला रुग्ण घरी परतला, तर गाव त्याला घेईच असे नाही. शरीरातले जंतू गेले तरी बसके नाक आणि आखडलेली बोटे तशीच राहत, आणि गावाला दिसे ते तेवढेच.

१९५० च्या दशकात एका तरुण शल्यविशारदाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. हुबळीला १९२२ साली जन्मलेले डॉ. नोशिर अंतिया इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी शिकून आले होते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे चेहरे पुन्हा घडवणारे सर हॅरॉल्ड गिलीज हे त्यांचे गुरू. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी ही शस्त्रक्रिया कुष्ठरुग्णांसाठी वापरली.

नाक बसते कसे, हे थोडे सविस्तर पाहू. कुष्ठजंतूला थंडावा मानवतो. श्वासाच्या हवेने नाकाचे अस्तर गार राहते, म्हणून जंतू तेथे फोफावतात. अस्तरात जखमा होतात, आतला कूर्चेचा आधार झिजतो, आणि जखमा भरताना आखडणारे व्रण वरच्या कातडीला आत ओढून घेतात. पाहणाऱ्याला वाटते, नाक झडून गेले. प्रत्यक्षात बाहेरची कातडी बहुधा शाबूत असते, नाहीसे झालेले असते ते अस्तर! म्हणून गिलीज यांची युक्ती अशी : वरच्या ओठाच्या आतून छेद घ्यायचा, आखडलेली कातडी मोकळी करायची आणि साच्यावर गुंडाळलेली पातळ त्वचा आत बसवायची. ती त्वचा रुजली की नवे अस्तर तयार. बाहेर व्रण दिसत नाही. रुग्णाच्या दृष्टीने याचे मोल किती, हे सांगायला नको.

बोटांची गोष्ट वेगळी. तेथे मूळ दुखणे मज्जातंतूंचे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी स्नायुबंधांची जागा बदलून आखडलेल्या हातांना पुन्हा कामाला लावले होते. पण गेलेली संवेदना या शस्त्रक्रियेने परत येत नाही. हात भाजला तरी कळत नाही. तेव्हा मज्जातंतू मुळात बिघडतो कसा, हे शोधणे भाग होते. अंतिया यांनी १९७० च्या दशकात मुंबईत स्थापन केलेल्या 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च'मध्ये जंतू आणि मज्जातंतूंभोवतालच्या श्वान पेशी यांच्या संबंधावर संशोधन झाले.

आमच्या मते अंतिया यांचे खरे वेगळेपण याच्या पुढचे आहे. रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. संवेदना हरवलेला चट्टा गावातच, वेळीच ओळखला गेला पाहिजे. अलिबागजवळ मांडव्याला त्यांनी अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांचे काम उत्तम चालले असताना स्थानिक पुढाऱ्यांना ते खुपू लागले, आणि प्रकल्प आवरावा लागला. पुढे पुरंदर तालुक्यात परिंचे येथे त्यांनी असेच काम उभे केले. खंडाळा तालुक्यातील वाचकांना ही जागा परकी नाही. वीर धरण ओलांडले की पलीकडे तोच परिसर.

अंतिया २००७ साली वारले. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद आपल्या विवाह कायद्यांतून निघाली, ती २०१९ साली.