चाकोरी आणि अरण्य : यवतमाळ जिल्ह्यातील वनप्रवासाचा इतिहास

वऱ्हाडच्या इतिहासात रस्त्यांचा विषय निघाला की तो बहुधा कापसाच्या अनुषंगाने निघतो. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला आणि कापसाच्या बंड्यांसाठी सडका बांधल्या गेल्या. हे वर्णन खरे असले तरी अपुरे आहे. पूर्वी वणी जिल्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाचा बराचसा भाग, विशेषतः पैनगंगेच्या खोऱ्यालगतचा डोंगराळ मुलूख, सडकेच्या बाहेरच राहिला. तेथे कोण गेले, कशाने गेले आणि कोणाच्या अनुज्ञेने गेले, हा प्रश्न आज एका निराळ्या कारणाने पुढे आला आहे. अभयारण्याच्या आश्रयाने, उघड्या जीपगाडीतून प्रवाशांना रान दाखविण्याचा एक लहानसा व्यवसाय या जिल्ह्यात उभा राहिला आहे. निसर्गाला धक्का न लावता तो चालविता येईल काय, याची चर्चा बहुधा वर्तमानापुरतीच होते. परंतु या व्यवसायाला पूर्वेतिहास आहे, आणि तो मुख्यतः परवान्याचा इतिहास आहे.

सडकेविना दूरवर मालवाहतूक करणारे या भागातील संघटित व्यावसायिक म्हणजे लमाण. पुसद, दिग्रस व दारव्हा या भागांत आज तांडा म्हणून स्थिर झालेल्या वस्त्यांचे पूर्वज फिरते होते. लदेणीच्या बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोण्या टाकून ते धान्य व मीठ वाहून नेत. या वाहतुकीत चाक नव्हते, म्हणून चाकोरीही नव्हती. मुक्काम ठरे तो पाणी व चारा पाहून, आणि एका ठिकाणचा चारा संपला की तांड्याला पुढे सरकावेच लागे. रानाचे रक्षण हा काही त्यांचा हेतू नव्हता, पण रान संपले तर व्यवसायही संपे, ही मर्यादा त्या व्यवसायाच्या रचनेतच होती. लोहमार्गाने हा व्यवसाय बुडविला हे सर्वश्रुत आहे. चराईवरील निर्बंधांनी त्याची उरलीसुरली वाट बंद केली, याकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही.

१८८६ च्या वऱ्हाड जंगल कायद्याने सरकारी वनांची वर्गवारी झाली. इमारती लाकूड व सरपण यांची वने, गवताची राखीव रमणे आणि गुरचराईची राने असे हे तीन वर्ग होते. कागदावर ही व्यवस्था सुबक होती. गावकऱ्याच्या दृष्टीने मात्र कालपर्यंत जी पायवाट होती ती आज गुन्ह्याची जागा ठरली, आणि विळा घेऊन रानात शिरण्यापूर्वी नाकेदाराची मर्जी सांभाळणे भाग पडले.

या अस्वस्थतेला राजकीय रूप मिळाले ते १९३० मध्ये. विदर्भाला समुद्र नाही. मिठाचा कायदा मोडण्यासाठी अकोल्याजवळील दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरी शोधाव्या लागल्या होत्या. त्यामानाने जंगलचा कायदा घरोघरी जाचत होता. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला. त्याच महिन्याच्या २१ तारखेस डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळील लोहारा येथे हाच कायदा मोडला व अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली. राष्ट्रीय चळवळीचा एक अध्याय म्हणून या घटनांची नोंद झालेली आहे. तथापि तीत विळ्याखाली आलेली वस्तू गवत होती, हे विसरून चालणार नाही. रानात शिरण्याचा अधिकार कोणाचा, हा या जिल्ह्यातील झगडा जिप्सी गाडी येण्यापूर्वी अर्धशतक लढला गेला होता.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यातील प्रवेश नियंत्रित केला, आणि ज्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो त्यांत पर्यटनाचा स्पष्ट उल्लेख केला. गवत कापणाऱ्याला जे दार लावून घेतले गेले, ते पाहणाऱ्याला उघडले गेले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे पैनगंगा अभयारण्य घोषित झाले, आणि सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. टिपाई देवीच्या स्थानावरून नाव पडलेल्या टिपेश्वरच्या हद्दीत शेती करणारी गावे होती. त्यांतील टिपेश्वर व मारेगाव ही पुढे बाहेर वसविण्यात आली. आज प्रवाशाला जे मोकळे गवताळ माळ रमणीय वाटतात, त्यांपैकी काही या गावांची शेते होती.

नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून जात असल्यामुळे दोन्ही शहरांतील प्रवासी टिपेश्वरला सहज येऊ शकतात. व्यवसायाचे एकक लहान आहे : एक गाडी, एक चालक, सोबत स्थानिक वाटाड्या. चारही चाकांना गती देणारी मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली आणि देशभरातील अरण्यांत तिने आपले स्थान पक्के केले. तिचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबल्यापासून जुन्या गाड्या दुरुस्त करीत वापरणे हा लहान मालकाच्या खर्चाचा एक भाग होऊन बसला आहे. पावसाळ्यात फाटक बंद, म्हणजे उत्पन्नही बंद. वाहनासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र बारमाही.

ही पावसाळी बंदी अनेकांना केवळ शासकीय रूढी वाटते. यवतमाळच्या काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घेतला तर तिचे कारण कळते. ही माती ओली झाली की फुगते व चिकटते. चाक रुतले की चालक गाडी शेजारच्या गवतावरून काढतो, मागची गाडी त्याच मागाने येते, आणि थोड्याच दिवसांत एका वाटेच्या तीन वाटा होतात. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. ते चाकोरीतून वाहू लागते आणि उतारावर घळ पाडते. टायरला चिकटलेल्या चिखलातून गाजरगवताचे बी दूरवर जाते. टिटवी, रातवा यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती चालकाला दिसतही नाहीत. साहसी मोटारप्रवास म्हणून ज्याची जाहिरात होते, त्याचे सारे आकर्षण चाकोरी सोडण्यात असते. या भूमीत नेमके तेच करणे सर्वांत हानिकारक आहे. अभयारण्यात त्याला मनाई आहेच. बाहेरच्या राखीव वनातही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ विनापरवाना प्रवेश गुन्हा ठरविते. म्हणून यवतमाळात जबाबदारीने हा धंदा करणारा मनुष्य म्हणजे, अधिक पैसे देऊ करणाऱ्या प्रवाशालाही गाडी वाटेखाली उतरणार नाही असे सांगणारा मनुष्य. स्पर्धेत तो मागे पडू नये एवढी व्यवस्था नियमांना करावी लागते. ती एकट्याच्या सद्बुद्धीवर सोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ रोजी व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रांतील पर्यटन स्थगित केले आणि मार्गदर्शक तत्त्वे झाल्यावर १६ ऑक्टोबर रोजी ती स्थगिती उठविली. टिपेश्वर व्याघ्र प्रकल्प नसला तरी, हा व्यवसाय एका आदेशाने थांबू शकतो हे या प्रसंगाने सर्वच अरण्यांतील वाहनमालकांना दाखवून दिले.

प्रवासी येतो तो वाघासाठी. आणि वाघ मात्र चाकोरी पाळत नाही. पांढरकवडा व राळेगाव भागात २०१६ पासून तेरा माणसांचे मृत्यू टी-१ या वाघिणीच्या नावे नोंदले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. ‘अवनी’ हे तिचे नाव देशभर झाले, आणि तिच्या मृत्यूवर मोठा वाद झाला. मृत शेतकरी, गुराखी व मजूर यांची नावे मात्र जिल्ह्याबाहेर क्वचितच उच्चारली गेली. ही गावे अभयारण्याच्या हद्दीबाहेरची. टिपेश्वरच्या फाटकावर मिळणारा रोजगार तेथे पोहोचत नव्हता. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरातील एका तरुण नर वाघाला रेडिओ-पट्टा बांधण्यात आला. जूनमध्ये त्याने अभयारण्य सोडले, आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, नाले व सडका ओलांडीत सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. हद्दीच्या आतील रान वाढत्या वाघांना पुरत नाही, ही गोष्ट त्याने तज्ज्ञांच्या अहवालापेक्षा स्पष्टपणे सांगितली.

यामुळे वनप्रवासाचा व्यवसाय आज ना उद्या हद्दीबाहेरच्या रानांत वाटा मागणार, हे उघड आहे. ती राने रिकामी नाहीत. कोलाम, गोंड, आंध यांच्या वस्त्या त्यांत व त्यांच्या कडेला आहेत. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने सामूहिक वनसंपत्तीत कोणी यावे याचे नियमन करण्याचा, तसेच वन्यप्राण्यांना व वनाला बाधक असे कृत्य थांबविण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. १८८६ पासून प्रवेशाचा परवाना देणारा हात शासनाचाच होता. जेथे हे हक्क मान्य झाले आहेत, तेथे नवी वाट मागणाऱ्या गाडीमालकाला आता वनाधिकाऱ्याच्या कचेरीबरोबरच ग्रामसभेसमोरही उभे राहावे लागेल.